विश्लेषण : विमान अपघातानंतर ‘चूक कोणाची?’पेक्षा ‘काय चुकले?’ हा प्रश्न महत्त्वाचा का?

१७ जुलै २०२४ रोजी नागपूरहून गडचिरोलीकडे निघालेले हेलिकॉप्टर वाटेत ढगांत सापडले. आत राज्याचे तेव्हाचे दोन्ही उपमुख्यमंत्री आणि उद्योगमंत्री होते. अहेरी तालुक्यातील पोलाद प्रकल्पाच्या भूमिपूजनाला ते निघाले होते. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले आणि हा प्रसंग नंतर जाहीर भाषणात किस्सा म्हणून सांगितला गेला. याच पट्ट्याच्या उत्तरेला, त्याआधी सव्वा वर्षापूर्वी उडालेले एक छोटे प्रशिक्षण विमान मात्र परतले नव्हते. चंद्रपूरजवळची मोरवा धावपट्टी आणि नागपूर फ्लाइंग क्लब यांच्यामुळे विमान चालवण्याचे स्वप्न आता या भागातील मुलामुलींनाही आवाक्यात वाटू लागले आहे. अशा वेळी छोट्या विमानांचे अपघात का होतात, मागे राहिलेले त्या दु:खातून काय शिकतात आणि काय शिकायचे टाळतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

बिरसीहून उडालेल्या विमानाचे काय झाले?

गडचिरोलीला लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी विमानतळ आहे. तेथे वैमानिक प्रशिक्षण चालते. १८ मार्च २०२३ रोजी दुपारी तेथून एका छोट्या प्रशिक्षण विमानाने उड्डाण केले. विमानात प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी असे दोघे होते. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ जंगलात विमान कोसळले आणि दोघांचाही मृत्यू झाला. जेथे ना रस्ता ना सपाट जागा, अशा ठिकाणी अवशेष सापडले. त्यानंतर समाजमाध्यमांवर जे सुरू झाले ते प्रत्येक अपघातानंतर होते. दुर्घटनास्थळाच्या चित्रफिती फिरल्या आणि तपास सुरू होण्याआधीच दोषी ठरवून झाले.

छोट्या विमानाला ढग इतके घातक का?

नव्याने शिकणारा किंवा हौसेने उडवणारा वैमानिक प्रामुख्याने डोळ्यांनी जमीन आणि क्षितिज पाहून विमान सरळ ठेवतो. ढगात शिरताच क्षितिज दिसेनासे होते. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा अशा वेळी फसवते. विमान एका बाजूला कलून वळत असले तरी शरीराला ते सरळच वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये याबाबत एक प्रयोग झाला. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसाच्या विसांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. त्याच प्रयोगाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. उपकरणे पाहून विमान सावकाश उलट दिशेला वळवून बाहेर कसे यायचे, हे शिकवल्यावर बहुतेकांना ते जमले. म्हणजे ढग दिसताच मागे फिरणे हे शिकता येणारे कौशल्य आहे. अडचण येते ती मागे फिरण्याचा निर्णय घेण्यात.

चंद्रपूर-गडचिरोलीत वेगळे धोके कोणते?

पहिला धोका उन्हाचा. चंद्रपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १९० मीटर, म्हणजे सव्वासहाशे फूट. पण हवा तापली की विरळ होते आणि विमानाला आपण अधिक उंचीवर असल्यासारखे ‘वाटू’ लागते. ढोबळ नियम असा की, त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक अंश सेल्सिअस वाढीला सुमारे १२० फूट धरायचे. मे महिन्यात पारा ४६ अंशांवर गेला की हा हिशेब साडेचार हजार फुटांच्या आसपास पोहोचतो. थोडक्यात, चंद्रपुरातल्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला महाबळेश्वरच्या उंचीवरची हवा मिळते. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते आणि वर चढणे मंदावते. सकाळी सहाला सहज झेपावलेले विमान दुपारी दोनला तेवढ्याच वजनाने धावपट्टीच्या टोकाची झाडे ओलांडेलच, असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा धोका जंगलाचा. गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. एकच इंजिन असलेले विमान हवेत बंद पडले तर वैमानिक मोकळे शेत शोधतो. पश्चिम महाराष्ट्रात ते मिळण्याची शक्यता जास्त. २५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एकटीच विमान उडवत असलेली २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी शेतात कोसळूनही किरकोळ जखमांवर बचावली. गावकरी तत्काळ मदतीला धावले. दाट जंगलावर असे शेतही नसते आणि गावही लांब असते. तिसरा धोका तारांचा. वीजनिर्मितीचा जिल्हा असल्याने चंद्रपुरातून उच्चदाब वाहिन्या सर्व दिशांना जातात. वरून पाहताना मनोरे दिसतात, तारा दिसत नाहीत. हिवाळ्यातील सकाळी धूर आणि धुके मिसळले की मनोरेही दिसेनासे होतात.

हौशी उड्डाणात जोखीम जास्त का?

प्रवासी विमानामागे मोठी यंत्रणा असते. दोन वैमानिक, हवामानाची माहिती देणारे कर्मचारी, देखभाल अभियंते आणि ‘आज उडू नका’ असे सांगू शकणारा माणूस तेथे असतो. हौशी वैमानिक किंवा पॅराग्लायडर उडवणारा बहुतेकदा हे सारे निर्णय एकटाच घेतो. त्यात सुट्टीचा दिवस असतो, लांबून आलेले मित्र असतात आणि पैसेही भरलेले असतात. गोव्यात पेडणे तालुक्यातील केरी येथे १८ जानेवारी २०२५ रोजी पॅराग्लायडर दरीत कोसळून पुण्याची २७ वर्षांची तरुणी आणि तिच्यासोबतचा प्रशिक्षक यांचा मृत्यू झाला. हा व्यवसाय परवान्याविना सुरू असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि मालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी हा पहिला अडसर झाला. वाऱ्याचा रोख बदलल्यावर ग्राहकाला ‘आज नाही’ म्हणून सांगणे आणि पैसे परत करणे, हा दुसरा. सुरक्षा संस्कृती म्हणतात ती या दुसऱ्या ठिकाणी दिसते.

अपघातानंतर सहकारी काय बोलतात?

छोट्या विमानांचे जग लहान असते. धावपट्टीवर सगळे एकमेकांना ओळखतात. काल ज्याच्यासोबत चहा घेतला त्याचे विमान आज परत येत नाही, तेव्हा दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली, ‘तो इतका तयारीचा होता, त्याच्याकडून चूक होणे शक्यच नाही.’ दुसरी, ‘मी असतो तर असे केलेच नसते.’ पहिली प्रेमापोटी येते, दुसरी भीतीपोटी. अपघातग्रस्त वेगळा होता, बेफिकीर होता, असे ठरवले की उद्या आपल्याला पुन्हा विमानात बसता येते. दोन्ही प्रतिक्रिया माणूस म्हणून समजण्यासारख्या आहेत. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो. अपघाताकडे पाहणे थांबते.

वैमानिकांच्या प्रशिक्षणात घातक ठरणाऱ्या पाच वृत्ती शिकवल्या जातात. नियम नको वाटणे, घाई, ‘मला काही होत नाही’ ही समजूत, धाडस दाखवण्याची हौस आणि ‘आता आपल्या हातात काही नाही’ ही हतबलता. यातील ‘मला काही होत नाही’ ही समजूत अपघातानंतर अधिकच घट्ट होऊ शकते, कारण दु:खावर तोच सोपा उतारा वाटतो. ‘त्या दिवशी, त्या हवेत, तेवढ्याच माहितीवर मीही तसाच निर्णय घेतला असता का?’ असे स्वत:ला विचारणे अवघड आहे. तरीही मृत सहकाऱ्याला दोषी न ठरवता त्याच्या शेवटच्या उड्डाणातून शिकण्याची वाट या प्रश्नातूनच जाते.

तपास कशासाठी असतो?

भारतात विमान अपघातांचा तपास २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास ब्युरो (एएआयबी) करतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयसीएओ) नियमांनुसार अशा तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो. दोष किंवा उत्तरदायित्व ठरवणे त्यात येत नाही. पोलिसांचा गुन्हेगारी तपास आणि नुकसानभरपाईचे दावे स्वतंत्र चालतात. हे वेगळेपण मुद्दाम ठेवलेले आहे. खरे बोलल्यास शिक्षा होणार असे वाटले तर मेकॅनिक, प्रशिक्षक, सोबतचे विद्यार्थी कोणीच खरे सांगणार नाही. अर्थात याचा अर्थ सगळेच माफ असा नाही. प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा यांतील रेषा स्पष्ट असावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच प्रशिक्षण संस्थेची विमाने चार दिवसांत दोनदा कोसळली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) तेथील प्रशिक्षण थांबवले. वारंवार होणाऱ्या घटना केवळ एका वैमानिकाच्या चुकीवर ढकलता येत नाहीत.

कुटुंबासाठी हा तपास फार लांबतो. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो आला नाही तर अपघाताच्या प्रत्येक वार्षिक दिनी तपासाची स्थिती जाहीर करावी, अशी तरतूद आहे. घरात पुण्यतिथीचा दिवस असतो तेव्हा तपास कुठवर आला हे सांगण्याचीही ती तारीख असते. मधल्या काळात अफवा पसरवणे थांबवणे, एवढे तरी इतरांना करता येते.

न झालेल्या अपघातांचे काय?

सर्वात स्वस्त धडा थोडक्यात वाचलेला माणूस देऊ शकतो, पण तो बोलला तरच. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ उतरू पाहणारे एक प्रवासी विमान डोंगराला धडकले आणि ९२ जण मृत्युमुखी पडले. किती उंचीपर्यंत खाली यायचे, याबाबतच्या सूचनेचा वैमानिकांनी चुकीचा अर्थ लावला होता. चौकशीत कळले की, सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगराला धडकता धडकता वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवले. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण इतरांपर्यंत ते पोहोचले नाही. या अपघातानंतर १९७६ मध्ये तेथे वैमानिकांचे अनुभव गोळा करणारी व्यवस्था उभी राहिली. ती नियामकाकडे न देता अंतराळ संस्था ‘नासा’कडे सोपवली, जेणेकरून कळवणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. भारतातही डीजीसीएकडे स्वेच्छेने घटना कळवण्याची सोय आहे. मात्र वरिष्ठच ‘उगाच कशाला लिहितोस’ म्हणत असतील, तर सोय असून उपयोग होत नाही.

ताडोबाचा अनुभव काय सांगतो?

चंद्रपूरला हा विचार परका नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाघीण दिसल्यावर त्या थांबल्या होत्या आणि वळसा घालून पुढे निघाल्या होत्या. त्यानंतर पायी सर्वेक्षण तात्पुरते थांबवण्यात आले. त्यांनी काय करायला हवे होते, यावर चर्चा थांबली असती तर पुढच्या वनरक्षकाच्या वाट्याला तोच धोका आला असता. काम करण्याची पद्धतच सुरक्षित आहे का, हा प्रश्न विचारावा लागला. धावपट्टीवरही हाच प्रश्न विचारायचा असतो.

पालकांनी आणि शिकणाऱ्यांनी काय पाहावे?

विद्यार्थी वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षी, तर व्यावसायिक परवाना १८ व्या वर्षी मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. इतक्या लहान वयातील मुले प्रशिक्षकाला ‘नाही’ म्हणायला कचरतात. त्यामुळे प्रवेश घेताना शुल्क आणि नोकरीच्या हमीबरोबर आणखी काही विचारावे. गेल्या महिन्यात हवामानामुळे किती उड्डाणे रद्द झाली? रद्द झालेल्या तासांसाठी विद्यार्थ्यावर दबाव येतो का? विमानातील बिघाडाची नोंद विद्यार्थी स्वत: करू शकतो का? मागच्या घटनेनंतर संस्थेने नेमके काय बदलले? या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देणारी संस्था निवडावी. ‘आमच्याकडे कधीच काही झाले नाही’ हे उत्तर मिळाल्यास अधिक चौकशी करावी.

शिकणाऱ्यांसाठी उड्डाणापूर्वीची साधी तपासणी आहे. आजारपण, औषधे, ताण, मद्य, थकवा, जेवण आणि मनाची अवस्था, यांपैकी काहीही बिघडलेले असेल तर त्या दिवशी जमिनीवर राहावे. मनाची अवस्था या यादीत आहे, याचा सहकारी गमावल्यानंतर विशेष अर्थ असतो. ‘लगेच उडालास तर भीती जाईल’ हा सल्ला सर्वांना लागू पडत नाही. काहींना चार दिवस लागतात, काहींना चार महिने, काही पुन्हा उडत नाहीत. त्यात कमीपणा नाही. मानसिक आधारासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

बिरसीहून उडालेल्या त्या दोघांना परत आणता येणार नाही. मोरव्याहून उद्या उडणाऱ्या मुलीला ढग दिसताच मागे फिरता यावे, आणि परतल्यावर तिला कोणी ‘घाबरलीस का?’ असे विचारू नये, एवढे मात्र नक्कीच करता येईल.