दारूचा परवाना आणि शेजाऱ्याची झोप

आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं, तर बाया मतदानानं ‘बाटली आडवी’ करतात. नोंदलेल्या मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकानाला कुलूप लागतं.

इंग्लंडात रीत निराळी. परवाना गेलेला पब पुन्हा उघडून रात्री उशिरापर्यंत चालवायचा, तर मालक नगरपालिकेकडे अर्ज करतो. २००३ च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांनी २८ दिवसांत आपलं म्हणणं लेखी द्यायचं. तिथं डोकी मोजत नाहीत, कारणं तोलतात. तीही चारच : गुन्हे व दंगा, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव आणि मुलांचं रक्षण. ‘दारू वाईट’ एवढ्यानं भागत नाही. ‘रात्री एकनंतर दारं आपटतात, घरातलं माणूस जागं होतं,’ असं नेमकं सांगावं लागतं. पब हवा म्हणणाऱ्यांनाही बोलता येतं.

मग समिती परवाना नाकारते, किंवा वेळ कमी करून, खिडक्या बंद ठेवण्याची अट घालून देते. पुढं त्रास झालाच, तर शेजाऱ्यांना फेरतपासणी मागता येते.

तेव्हा गाऱ्हाणं मांडताना तारीख, वेळ आणि त्रास टिपून ठेवावा. आपल्या ग्रामसभेतही अशा कागदाला वजन येतं.