एका झटक्यात 3,225 कायदे रद्द!

जुने कायदे म्हटलं की माझे कान टवकारतात, आणि या छंदात आयर्लंडला तोड नाही. 1922 मध्ये देश स्वतंत्र झाला, पण कायदे जुनेच राहिले. राज्यघटनेनेच ते पुढे चालू ठेवले. काही जुन्या आयरिश संसदेचे, काही लंडनचे, काही तर थेट मध्ययुगातल्या राजांचे. त्यातले जिवंत किती आणि मेलेले किती, हे वकिलांनाही छातीठोक सांगता येत नसे.

पूर्वी सफाईची रीत अशी, की निरुपयोगी कायदे हुडकायचे आणि तेवढेच रद्द करायचे. जो नजरेतून सुटला तो कागदावर जिवंतच. 2007 च्या कायद्याने हे उलटं केलं. 6 डिसेंबर 1922 पूर्वीच्या सार्वजनिक कायद्यांपैकी ठेवायच्या 1,364 कायद्यांची यादी केली. बाकी सगळे बाद! त्यातल्या 3,225 कायद्यांची नावनिशीवार यादीही जोडली. मला तर ही युक्ती झकास वाटते. खासगी आणि स्थानिक कायद्यांचा नंबर पुढे 2009 मध्ये लागला.

गंमत म्हणजे, 2007 च्या यादीत तगलेल्यांत चक्क 1204 चा एक कायदा आहे. जॉन राजाच्या काळातला. डब्लिनचा किल्ला बांधा. डॉनीब्रुक, वॉटरफर्ड, लिमरिकला जत्रा भरवा, असा मजकूर. डॉनीब्रुकची जत्रा दारू आणि मारामाऱ्यांमुळे इतकी बदनाम झाली, की 1855 मध्ये ती बंद करण्यात आली. कायदा मात्र शाबूत!