वाकळ: माळ्यावर पडलेला आपला इतिहास

गणपतीपुळे परिसरातल्या बौद्धवाड्यांत फोमच्या गाद्या आल्या आणि वाकळी माळ्यावर गेल्या. त्या टाकून देण्याआधी थोडा विचार करूया.

वाकळ म्हणजे जुन्या सुती लुगड्यांचे थर. आत फाटके तुकडे, वर त्यातल्या त्यात धड कापड आणि सगळ्यांना धरून ठेवणारा हाताचा धावदोरा.

धम्माला हे परके नाही. चीवरही तुकडे जोडून, मगधातल्या शेताच्या बांधांसारखे शिवतात. विनयपिटकात आनंद राजा उदयनाला सांगतात, की जुन्या चीवरांची आच्छादने होतात, पुढे पायपुसणी आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवतात.

पण भिक्खूंनी साधेपणा स्वतः निवडला होता. आपल्या आज्यांवर तो गरिबीने आणि जातीने लादला. म्हणून गौरव गरिबीचा नको, त्यांच्या श्रमाचा आणि कौशल्याचा हवा.

त्यासाठी तरुणांनी एवढे करावे. वाकळीचा फोटो काढून शिवणारीचे नाव, गाव आणि कोणते लुगडे कोणाचे, हे लिहून ठेवावे. ती थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावी. ठिगळ जुन्या, धुतलेल्या सुती कापडाचेच लावावे. कोरे कापड आटते आणि जुन्याला ओढून फाडते.

पर्यटकांना नव्या वाकळी विकायच्या असतील, तर शिवणाचे तास मोजूनच किंमत ठरवावी. बाईचा वेळ फुकट धरणे आता थांबले पाहिजे.