कुर्ल्याची फियाट, रांजणगावची फियाट

अँटॉप हिलला, वडाळा ट्रक टर्मिनलच्या इमारतीत मुंबई पूर्वचे आरटीओ आहे. एमएच-०३ ची पाटी इथून मिळते. पूर्व उपनगरांतली गाडी नवी घेतली की तिची नोंद इथे होते, जुनी झाली की पासिंगलाही इथेच यावे लागते. इथून शीव ओलांडले की कुर्ला. तिथे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि १९५४ पासून त्यात ‘फियाट ११००’ तयार होऊ लागली. त्याच घराण्यातली सगळ्यात वेगवान गाडी, ‘अबार्थ पुंटो’, २०१५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावहून बाहेर पडली. दोन्ही छोट्या, दोन्ही इटालियन वंशाच्या, दोन्ही महाराष्ट्रात बनलेल्या. मधली साठ वर्षे ओलांडून या दोघींना शेजारी उभे करावे, असे फार दिवस मनात होते.

काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणजे दोन आसनांची, बुटकी, बहुधा बिनटपाची गाडी. आपल्याकडे तसा प्रयत्न झाला तो बंगळूरच्या कंपनीच्या ‘सॅन स्टॉर्म’चा. फायबरची बॉडी, रेनोचे बाराशे सीसीच्या आतले इंजिन. ती फार थोड्या लोकांपर्यंत पोचली. परवाना राजच्या काळात परदेशी गाडी आणणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून ज्याला गाडी चालवण्याची ओढ होती तो घरात असेल ती गाडी पळवायचा, आणि मुंबईतल्या घरात असायची ती फियाट. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथेही फियाट ११०० धावत. माझ्या मते छोटी गाडी ‘स्पोर्टी’ आहे की नाही हे तिच्या अश्वशक्तीवरून ठरत नाही. रस्त्यावर काय चालले आहे ते तळहातांना, पावलांना आणि पाठीला किती कळते, यावरून ते ठरते. हे माप धरले तर आपल्याकडे फियाटसारखे दुसरे घराणे नाही.

कुर्ल्यात आलेली पहिली ११०० म्हणजे ‘मिलेचेंतो’. इटालियन भाषेत अकराशे. दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली ही गाडी इटलीत १९५३ साली आली. आधीच्या ११०० ला वेगळी चासी होती. हिची बॉडी आणि चासी एकच. त्यामुळे गाडी हलकी झाली आणि वळणावर अंग सैल सोडेनाशी झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. इटलीत तिची ‘टुरिझ्मो व्हेलोचे’ नावाची तेज आवृत्तीही निघाली होती. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येण्याच्या सुमारे सोळाशे किलोमीटरच्या ‘मिल्ले मिलिया’ शर्यतीत ती धावायची. म्हणजे आपल्या टॅक्सीची सख्खी बहीण त्या रस्त्यांवर पळाली होती! मुंबईत तिच्यावर काळा-पिवळा रंग चढला, टपावर सामानाचे कॅरिअर आले, मीटर लागला. पण खालचा सांगाडा तोच राहिला.

जुनी फियाट चालवणे शिकावे लागते. सकाळी थंड इंजिनला चोक ओढायचा, सुरू झाले की हळूहळू आत ढकलायचा. गेअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला. ती सैल पडली की दुसरा गेअर नेमका कुठे लागतो हे त्या गाडीच्या मालकालाच माहीत असायचे. पहिल्या गेअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे, नाहीतर गेअरबॉक्स कडकडा ओरडे. स्टिअरिंगचे चाक मोठे आणि बारीक कड्याचे. उभ्या गाडीत ते फिरवताना खांदे भरून येतात, पण गाडी चालू लागली की तेच चाक हलके होते आणि डांबर कुठे संपले, खडी कुठे सुरू झाली, हे बोटांना सांगू लागते.

ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आत. या हिशेबातच त्या गाडीचे सगळे शिक्षण आहे. वेग एकदा गमावला की तो परत मिळवायला वेळ लागतो, म्हणून चालक तो गमावतच नाही. पुढचा सिग्नल, पुढची बस, पुढचे वळण आधीच हेरून ठेवतो, ब्रेकला उगाच हात लावत नाही, वळणात शिरतानाच बाहेर कुठून पडायचे ते ठरवतो. शर्यतीच्या शाळेत हेच शिकवतात. मुंबईचे टॅक्सीवाले ते पोटापाण्यासाठी शिकले. अँटॉप हिल, कोकरी आगार, वडाळा या भागात टॅक्सीवाल्यांची मोठी वस्ती. शेख मिस्री दर्ग्याच्या बाजूने निघून शीवच्या गर्दीतून चारचाकी अशी काढायची की मागे बसलेल्याच्या हातातला चहा सांडू नये, ही कला होती आणि ती या गाडीवर घडली.

पण खोटे प्रेम नको. चारही चाकांना ड्रमब्रेक. घाट उतरताना ते तापले की पॅडल खाली जाऊनही गाडी थांबायला कुरकुरे. पावसाळ्यात हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलचे गांधी मार्केट तुंबले की ड्रममध्ये पाणी शिरायचे. मग पाण्यातून बाहेर पडल्यावर पाय ब्रेकवर अलगद ठेवून काही अंतर जायचे, ब्रेक सुकवायचे आणि मगच वेग घ्यायचा. डिस्ट्रिब्युटरला पाणी लागले तर गाडी जागीच बंद. छातीसमोर स्टिअरिंगचा ताठ खांब, डोक्यामागे टेकू नाही. आजच्या गाडीत जो अपघात पाय लंगडा करून सोडेल, तो त्या गाडीत जीव घ्यायचा. जुन्या गाड्यांचे गुण गाणाऱ्यांनी हे आधी सांगितले पाहिजे.

पुढचा काळ नावे बदलण्याचा. एलिगंट, सुपर सिलेक्ट, १९६४ च्या सुमाराची डिलाइट. फियाटशी असलेला करार संपल्यावर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून राणी पद्मिनीच्या नावाची प्रीमियर पद्मिनी. डिलाइटचा आकार शतक संपेपर्यंत जवळजवळ तसाच राहिला. गाडी बुक करून वर्षानुवर्षे थांबणारे ग्राहक असतील तर कारखान्याला बदलायची गरजच कुठे होती? याच वर्षांत जगातल्या छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालू लागल्या, डिस्कब्रेक आले, पाचवा गेअर आला. आपली फियाट उभी राहिली ती तिथेच. शेवटच्या काळात ‘एस वन’मध्ये गेअरची दांडी खाली जमिनीवर आली, पण तोवर मारुतीने रस्ता व्यापला होता. मला याचे वाईट वाटते. या गाडीच्या सांगाड्यात पुढच्या पिढीची क्षमता होती. तिला ती संधी वेळेत मिळाली असती तर आपल्याकडच्या छोट्या गाडीचा इतिहास वेगळा झाला असता.

मधल्या ‘उनो’ला ओलांडून थेट २००१ कडे येतो, कारण त्या वर्षी ‘पालिओ’ आली. तीही कुर्ल्याचीच. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, आणि त्याच्या नावाने ‘एस-१०’ ही खास आवृत्तीही निघाली. बाराशे सीसीची पालिओ साधी होती. पण तिच्या वरची १.६ जीटीएक्स! सोळा व्हॉल्व्हचे १५९६ सीसीचे इंजिन आणि १०० अश्वशक्ती, एवढ्याशा हॅचबॅकमध्ये. त्या काळात आपल्याकडे या आकाराच्या गाडीत असा जोर कुणी देत नव्हते. दरवाजा बंद केला की जड, भरीव आवाज यायचा. वेग शंभराच्या पुढे गेला की गाडी हलकी न होता रस्त्याला आणखी चिकटायची. ज्यांनी जीटीएक्स चालवली त्यांना विचारा. या गाडीबद्दल बोलताना माणसे आजही हाताने हवेत स्टिअरिंग फिरवतात.

तिचा पराभव केला एका प्रश्नाने, ‘ॲव्हरेज किती देते?’ शहरात जीटीएक्सचे उत्तर दहाच्या आतबाहेर. मध्यमवर्गीय घरात तेवढ्यावर चर्चा संपायची. त्यात सुटे भाग मिळण्याच्या तक्रारी, पुन्हा विकताना पडणारी किंमत. गाडी वाईट म्हणून गेली नाही. तिच्या मागे उभे राहणारे दुकान कच्चे निघाले.

यानंतर फियाटने टाटांबरोबर भागीदारी केली आणि काम रांजणगावला गेले. २००९ मध्ये ‘ग्रांदे पुंटो’ आली. देखणेपणात तिच्या बरोबरीची छोटी गाडी आपल्या रस्त्यावर तेव्हा नव्हती, असे मी ठामपणे म्हणेन. याच कारखान्यातले १.३ लिटरचे डिझेल इंजिन इतर कंपन्यांच्या गाड्यांतही बसत होते आणि त्या गाड्या धडाधड खपत होत्या. फियाटचे इंजिन घरोघरी पोचले, फियाट मात्र शोरूममध्ये उभी राहिली. अशा अवस्थेत कंपनीने ऑक्टोबर २०१५ मध्ये पुंटोवर अबार्थचा विंचू बसवला. कार्लो अबार्थ या शर्यतवेड्या माणसाने १९४९ मध्ये काढलेली ही कंपनी साध्या फियाट घेऊन त्यांना तेज करायची. त्याची रास वृश्चिक, म्हणून बिल्ल्यावर विंचू.

१३६८ सीसी, टर्बो, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्कब्रेक, नेहमीच्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली बॉडी. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, हा कंपनीचा दावा. शोरूमची किंमत दहा लाखांच्या किंचित आत. याच सुमारास परदेशातून आणलेली अबार्थ ५९५ तीस लाखांच्या घरात होती. इतक्या पैशात इतकी ताकद देणारी दुसरी गाडी त्या दिवशी देशात नव्हती.

या दोन टोकांची खरी तुलना करायची तर अँटॉप हिलहून निघून आणिकच्या बाजूने पूर्व मुक्त मार्गावर चढावे. वडाळ्यातल्या ट्रकांच्या गर्दीत जुनी फियाट सुखी. खिडक्या मोठ्या, खांब बारीक, नाकाची टोके दिसतात. खड्डा आला की पाटे तो पोटात घेतात. अबार्थ इथे बेचैन. टणक सस्पेन्शन प्रत्येक चिरा मोजते, गतिरोधकावर पोट घासेल म्हणून जीव मुठीत धरावा लागतो, आणि क्लचच्या डाव्या बाजूला पाय टेकवायला जागा नाही. मुक्त मार्गावर चित्र उलटते. जुनी गाडी सत्तरच्या पुढे घरघरू लागते आणि समुद्राकडच्या वाऱ्याने किंचित डोलते. अबार्थमध्ये दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो फुंकर घालतो आणि पाठ सीटला दाबली जाते. वळणाच्या चढावर ती इंचभरही कलत नाही.

मला मात्र एक गोष्ट दोघींत सारखी सापडली. पुंटोचे पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. इतर छोट्या गाड्यांत तेव्हा विजेवर चालणारी हलकीफुलकी स्टिअरिंग आली होती; पार्किंगला सोयीची, वेगात मुकी. पुंटोचे चाक जड लागते, पण सांध्यावरून जाताना, ओल्या पट्ट्यावर पुढचे चाक निसटू पाहताना ते हातात बोलते. चाळीस अश्वशक्तीच्या मिलेचेंतोत हेच होते. ब्रेक, ताकद, सुरक्षितता या सगळ्यांत नवी गाडी कैक पटींनी पुढे. ड्रायव्हरशी असलेला हा करार तेवढा दोन्ही कारखान्यांनी पाळला. अधिक आवडती कोणती विचाराल तर मी दोन्ही टोके सोडून मधल्या पालिओ जीटीएक्सकडे बोट दाखवेन. तिच्यात टर्बोचा आधार नव्हता. जोर हवा तर इंजिन वर चढवावे लागे, म्हणजे जुन्या फियाटची शिस्त आणि नव्या काळाचे ब्रेक एका ठिकाणी.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र जुनीला तोड नाही. बॉनेट उघडले की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते. प्लग, पॉइंट, कार्बोरेटरचे जेट साफ केले, टॅपेट जुळवले की गाडी पुन्हा चालू. वडाळा-अँटॉप हिलच्या गल्ल्यांतल्या मिस्त्रींनी हे काम इतकी वर्षे केले की आवाजावरून बिघाड सांगणारी माणसे तयार झाली. अबार्थच्या बिघाडाला स्कॅनर लागतो आणि टर्बोची चूक नुसत्या कानाला कळत नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजला ती विद्या मिळू शकली असती. पण गाड्याच इतक्या कमी विकल्या गेल्या की हात बसायला पुरेशी इंजिने त्यांच्यासमोर आली नाहीत. फियाट २०१९ च्या आसपास आपल्या बाजारातून बाहेर पडली. रांजणगावचा कारखाना चालू आहे, तिथे आता जीप बनतात.

पद्मिनी टॅक्सी तर गेलीच. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही नोंदलेली पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खाजगी पद्मिनी आहेत, आणि त्यांना कायद्याचा आधारही मिळाला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. पहिल्या पद्मिनी त्या वयात पोचल्या आहेत. पालिओला ते वय गाठायला २०५१ उजाडेल, अबार्थला २०६५. तोवर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर आणि नव्याने नोंद. त्या रांगेत टिकायचे तर कागदांपेक्षा सुटे भाग महत्त्वाचे: जीटीएक्सचे सस्पेन्शन आर्म, पुंटोची स्टिअरिंग रॅक, अबार्थचा टर्बो. हे भाग जपून ठेवणारे, एकमेकांना पुरवणारे मालक मुंबई-पुण्यात आहेत आणि त्यांना पहिली मदत हवी आहे ती मिस्त्रींची. ज्या गल्ल्यांनी पद्मिनीचा आवाज ओळखला, त्यांतल्या तरुण मिस्त्रींना स्कॅनर घेऊन द्यावा, एखादी भंगारात निघालेली पुंटो उघडून बघायला द्यावी. अबार्थची पहिली फेरनोंदणी २०३० मध्ये आहे आणि तयारीला वेळ आहे.