गार मार्चात पडते, घर जुलैत गळते



गळीत हंगाम उतरणीला लागतो, उन्हाचा चटका वाढतो आणि एखाद्या दुपारी काळेनिळे आभाळ भरून येते. अशा वेळी आपल्यातला जो तो आधी रानाकडे धावतो. हरभऱ्याची गंजी झाकली का, ज्वारी काढली का, द्राक्षाच्या बागेचे काय होणार, याचाच घोर. ते बरोबरच आहे. पण गार थांबल्यावरही आपण रानातच असतो, आणि घरावर काय झाले ते पाहायला चार महिने लावतो. आज लिहायचे आहे ते याबद्दल.

आमच्यापैकी एकाच्या घराची गोष्ट सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये राज्यात जी मोठी गारपीट झाली, ती कोणी विसरलेले नाही. विदर्भ, मराठवाडा, नाशिक, सोलापूर, कोणाला सोडले नाही. या घराला पुढे सोप्यावर मंगलोरी कौले, मागे स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे. गार थांबल्यावर खालून पाहिले, अकरा कौले फुटलेली दिसली. पंचनाम्यात अकराच लिहून दिली, अकराच बदलली आणि सगळे पिकाच्या मागे लागले. जुलैत झड लागली तेव्हा सोप्यात तीन ठिकाणी पातेली मांडावी लागली. कणगीतली ज्वारी खालून भिजली, तिला कोंब आले. मिस्त्री वर चढला तर चिरलेली कौले चाळीसच्या वर निघाली. "मालक, ही चीर आत्ताची न्हाई, गारंची हाय," तो म्हणाला. पण तोवर पंचनामे होऊन महिने लोटले होते.

असे का होते ते समजून घ्यावे. दुपारच्या तापीने गरम, दमट हवा वर उसळते. चार-पाच किलोमीटरच्या वर हवा गोठणबिंदूच्या खाली असते. तिथे वरच्या झोतावर बर्फाचा कण तरंगत राहतो, त्यावर पाणी गोठत जाते आणि झोताला पेलवेनासा झाला की तो खाली येतो. लिंबाएवढी गार ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळते. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, म्हणून हरभऱ्याएवढ्या गारेने काही न झालेल्या छपराची लिंबाएवढ्या गारेने चाळण होते. शिवाय गारेचा पट्टा अरुंद असतो. शेजारच्या वस्तीला काही झाले नाही म्हणजे आपलेही छप्पर शाबूत, असा हिशेब करू नये. मोठ्या गारेला हसण्यावारीही नेऊ नये. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसे दगावली. गार पडत असताना पत्रा सावरायला किंवा सौर बंबावर गोणपाट टाकायला कोणी वर चढू नये. बंबाच्या नळ्या पुन्हा विकत मिळतात.

आता पाहणीची रीत. गार पडल्यावर दोन-तीन दिवसांत, भर दुपारी, घराची दारे-खिडक्या लावून आत अंधार करावा आणि वर पाहावे. जिथे फट असेल तिथे उन्हाचा कवडसा दिसतो. तिथे खडूने खूण करावी. केसाएवढी चीर मात्र कवडशातही दिसत नाही. त्यासाठी मिस्त्रीकडून कौल बोटाने वाजवून पाहावे. अखंड कौल खणखणीत वाजते, चिरलेले बद्द वाजते. बाजारात माठ घेताना आपल्या घरच्या बायका हेच करतात. कौल बदलताना जुन्या छापाचेच मिळवावे, दुसऱ्या कारखान्याचे कौल खाचेत नीट बसत नाही. जुना वाडा उतरताना कौले विकायला निघतात, तेव्हा शे-पन्नास घेऊन ठेवलेली बरी.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल आम्ही जरा कळकळीने सांगतो. हा पत्रा वर्षे झाली की ठिसूळ होतो. गारेने चीर गेलेली असेल तर माणसाचे वजन तो धरत नाही, आणि पाय गेला तर माणूस थेट फरशीवर. वर जायचेच झाले तर खालच्या कैचीच्या किंवा आडव्या लोखंडाच्या ओळीवर, जिथे बोल्टची रांग दिसते तिथे, रुंद फळ्या टाकून फळीवरूनच सरकावे. पोराला "हलका आहेस, तू चढ" म्हणून वर पाठवणे हा शुद्ध गाढवपणा होय. दुसरे, या पत्र्यात, विशेषतः जुन्यात, अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि रोग पुष्कळ वर्षांनी वर येतो. म्हणून फुटका पत्रा करवतीने कापू नये, तुकडे झाडूने कोरडे लोटू नयेत. पाणी मारून, ओले करून पोत्यात भरावे आणि खोल पुरावे. गोठ्यात भर म्हणून ते कुटून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. डांबरात भिजवलेले गोणपाट चिरेवर बसवले तर पावसाळा निभतो, पण पुढच्या उन्हाळ्यात पत्रा बदलावाच.

लोखंडी पत्रा फुटत नाही, पोचे पडतात. पोच्याच्या जागी जस्ताचा लेप गेला की गंज धरतो, तेव्हा रंगाचा हात द्यावा आणि बोल्टचे वायसर नवे घालावेत. माळवद असेल तर गार थांबताच लाकडी फावड्याने ओढून खाली टाकावी. वितळत राहिली तर माती सगळे पाणी पिते. स्लॅबवाल्यांनी पन्हळी तेवढ्या मोकळ्या कराव्यात.

पंचनाम्याबाबत एक गोष्ट ध्यानात धरा. पिकाचा पंचनामा आणि घराचा पंचनामा वेगळा. पीकविम्यासाठी काय करायचे ते आता सगळ्यांना पाठ झाले आहे. पण त्यात घर येत नाही. घराच्या अंशतः पडझडीला मदत मिळायची तर नुकसान किमान १५ टक्के असावे लागते. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठीच्या केंद्राच्या निकषांत ही मदत पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये होती. राज्य सरकार कधी कधी भर घालते, दरही बदलतात, म्हणून चालू दर तलाठ्यांकडे विचारावा. (त्यांचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, आपल्या तोंडी तलाठीच राहिले.) रक्कम थोडी आहे, पण अकरा कौले आणि चाळीस कौले यांत १५ टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणून मोजणी आधी, पंचनामा मागून. ताडपत्री टाकून सामान वाचवा, पण फुटके तुकडे लगेच टाकू नका. मोबाइलवर फोटो घ्या, गारेशेजारी काडेपेटी ठेवून एक घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. घराचा विमा असेल तर त्यात गारपीट हा शब्द आहे का ते आजच वाचून घ्या.

राहता राहिली फडाकडेची कोपी. मार्चात हंगाम लांबला तर ऊसतोडणी कामगार अजून आपल्याच शिवारात असतात. बांबू, पाचट आणि वर कागद, एवढेच त्यांचे छप्पर, आत तान्ही पोरे. त्यांचे घर दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे आपल्या गावच्या यादीत त्यांचे नाव आपोआप येत नाही. कोपी मोडली तर ते सांगायला तलाठ्यांकडे कोणी जावे? ज्याचा ऊस ते तोडतात त्यानेच. आणि आभाळ भरून येताना दिसले तर मुकादमाला निरोप द्या, पोराबाळांना गोठ्यात, शाळेच्या पडवीत, जिथे पक्के छप्पर असेल तिथे बोलावून घ्या.