घरी अंडी उबवताना घरच्यांची तब्येत कशी सांभाळाल?

शाळेचा प्रकल्प म्हणून, हौस म्हणून किंवा थोडी गावरान कोंबडी पाळायची म्हणून हल्ली शहरातही लोक घरात अंडी उबवतात. थर्माकोलची पेटी, बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी एवढ्यात यंत्र तयार होते. पूर्वी हे काम खुडूक कोंबडी करायची आणि तेही अंगणात. आता पेटी हॉलमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर येते. माझ्यासारख्या डॉक्टरला काळजी वाटते ती इथेच.

उबवणीला 21 दिवस लागतात. पंखा असलेल्या पेटीत तापमान साधारण 37.5 अंश सेल्सिअस ठेवतात. पहिले 18 दिवस अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवतात, मग फिरवणे थांबवून पेटीतला ओलावा वाढवतात. संभाजीनगरच्या एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की पाण्याची वाटी पुन्हा पुन्हा भरावी लागते. वाटी भरताना आधी प्लग काढा. ओला हात, उघडी वायर आणि बल्बचा होल्डर एकत्र आले की शॉक बसतो. दुकानातली फार्मची अंडी उबवू नका, ती फलित नसतात.

आता 37.5 अंश हा आकडा पुन्हा पाहा. आपल्या शरीराचे तापमान जवळपास तेवढेच असते. जे तापमान पिल्लाला मानवते, तेच आपल्या आतड्यात वाढणाऱ्या जंतूंनाही मानवते. यातला मुख्य जंतू साल्मोनेला. तो कोंबडीच्या विष्ठेतून कवचावर येतो, कधीकधी अंड्याच्या आतही असतो. पिल्लू बाहेर आले की त्याची ओली लव वाळून उडते आणि तिच्यासोबत जंतू पेटीभर पसरतात. पिल्लू मात्र टुणटुणीत दिसते. बाजारात मिळणाऱ्या रंगीत पिल्लांचेही तसेच.

लागण झाल्यास साधारण 6 तास ते 6 दिवसांत जुलाब, ताप आणि पोटात कळा सुरू होतात. बहुतेक जण चार ते सात दिवसांत बरे होतात. उपचार म्हणजे मुख्यतः ओआरएस, ताक, पेज. साध्या जुलाबात प्रतिजैविक लागत नाही, म्हणून मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणू नका. पण जुलाबातून रक्त पडत असेल, ताप 102 अंश फॅरनहाइटच्या वर असेल, पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा तीन दिवसांत उतार नसेल, तर दवाखान्यात या. बाळ मलूल झाले तर तेवढीही वाट पाहू नका. आणि घरात पिल्ले आहेत हे आपणहून सांगा. आम्ही बाहेरचे खाणे, लग्नातले जेवण विचारतो. कोंबड्यांबद्दल विचारायचे बऱ्याचदा राहून जाते.

पाच वर्षांखालील मुले, 65 वर्षांवरील आजी-आजोबा, गर्भवती, आणि स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांनी अंडी-पिल्ले हाताळू नयेत. त्यांच्यात हा जंतू रक्तात उतरू शकतो. लहान मुले पिल्लाला गालाला लावतात, त्याचा पापा घेतात. फोटो छान येतो, पण ते टाळाच. पिल्लाला हात लावल्यावर 20 सेकंद साबणाने हात धुवायचे; सॅनिटायझर फक्त साबण-पाणी नसेल तेव्हा.

पेटी स्वयंपाकघरात नको, तिच्या वाट्या भांड्यांच्या सिंकमध्ये नकोत. अंडी स्वच्छ बघूनच निवडा, धुऊ नका. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. न फुटलेली अंडी खाऊ नका, कुत्र्यालाही घालू नका. ती आतून सडलेली असू शकतात, कधी फुटतातही. व्हिडिओ पाहून घरात फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी तर मुळीच देऊ नका. मोठ्या उबवणी केंद्रांत ते बंद खोलीत, प्रशिक्षित माणसे करतात. घरात त्या वायूने डोळे, घसा आणि फुप्फुसे होरपळतात. पिल्ले निघाल्यावर पेटी मास्क लावून, ओल्या कापडाने आणि साबणाने पुसा. कोरडी लव झाडू नका, विशेषतः घरात कोणाला दमा असेल तर.

बर्ड फ्लूचे काय, हेही विचारले जाते. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. जानेवारी 2021 मध्ये तो परभणीजवळच्या मुरुंबा गावात आला. माणसाला लागण क्वचित होते, पण होते: 2019 मध्ये मेळघाटातील एका लहान मुलात एच9एन2 विषाणू आढळला होता, ते मूल बरे झाले. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसातून हा आजार होत नाही. मात्र घरातली पक्षी-पिल्ले एकाएकी पटापट मेली, तर त्यांना उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. त्यानंतर दहा दिवसांत घरात कोणाला ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणे असे काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मेलेल्या पक्ष्यांबद्दल सर्वांत आधी सांगा.