नाण्याचे मोल : सोने, चांदी आणि जुनी नाणी

एखाद्या जुन्या पेटीत तीन रुपये सापडले, अशी कल्पना करावी. पहिल्यावर १९१८, दुसऱ्यावर १९४४ आणि तिसऱ्यावर १९४७ हे साल आहे. तिन्हींवर मोल एकच कोरलेले आहे : एक रुपया. तराजूत घातले, तर प्रत्येकाचे वजनही जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, जुन्या मापाने एक तोळा भरते. परंतु तेच तीन रुपये सराफापुढे ठेवले, तर पहिल्याबद्दल तो चांदीचा चांगला भाव देतो, दुसऱ्याबद्दल त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक देतो, आणि तिसरा हसून परत करतो. छाप एक, वजन एक, आणि मोल मात्र तीन प्रकारचे. असे का व्हावे, या प्रश्नाच्या उत्तरात धातुशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास ही तिन्ही शास्त्रे एकत्र येतात.

वजन आणि कस

मौल्यवान धातूचे मोल दोन गोष्टींवर ठरते : वजन आणि कस. कस म्हणजे त्या धातूत चोख सोने किंवा चांदी किती आहे, याचे प्रमाण. सोन्याचा कस कॅरटमध्ये सांगतात. चोख सोने २४ कॅरट. त्यातील २२ भाग सोने व २ भाग अन्य धातू असल्यास ते २२ कॅरट, अर्थात हजारात सुमारे ९१६ भाग शुद्ध होय. सोन्याच्या दागिन्यावर आढळणारा ९१६ हा आकडा तो हाच. जागतिक बाजारात सोन्याच्या लगडी ट्रॉय औंसात मोजतात. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम.

चोख सोने आणि चोख चांदी हे दोन्ही धातू मऊ आहेत. हातोहात फिरणारे नाणे त्यांचे केले, तर ते लवकर झिजते. म्हणून टांकसाळीत त्यांत तांब्यासारखे हीण मिसळून नाणे कठीण करतात. हीण मिसळणे ही लबाडी नव्हे. ते किती मिसळले हे लपविणे ही लबाडी होय.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशासाठी एकच रुपया ठरविण्यात आला. त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. म्हणजे प्रत्येक रुपयात १६५ ग्रेन, सुमारे १०.६९ ग्रॅम, चोख चांदी असे. त्यापूर्वी देशात नाना प्रकारचे रुपये चालत. महाराष्ट्रात चांदवडी, अंकुशी अशा रुपयांचा कस व वजन वेगवेगळे असल्यामुळे एक रुपया देऊन दुसरा घेताना बट्टा द्यावा लागे. हा बट्टा ठरविणे हीच सराफाची विद्या होती.

छापाचे मोल आणि धातूचे मोल

१८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन देई आणि तिचे रुपये पाडून घेई. त्यामुळे रुपयाचे मोल व त्यातील चांदीचे मोल ही दोन्ही एकमेकांना धरून चालत. परंतु १८७० नंतर युरोपातील अनेक राष्ट्रांनी चांदी सोडून सोन्याचे चलन स्वीकारले, चांदीचा भाव घसरू लागला, आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. जून १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपयाची संख्या मर्यादित झाली, आणि पुढे त्याचा दर १ शिलिंग ४ पेन्स येथे स्थिर करण्यात आला. आता रुपयावरील छापाचे मोल आतील चांदीहून अधिक झाले.

पहिल्या महायुद्धात हे पारडे उलटले. लंडनच्या बाजारात प्रमाणित चांदीचा भाव औंसास सुमारे ४३ पेन्सच्या वर गेला, की रुपयातील चांदीच १ शिलिंग ४ पेन्सांहून महाग होते, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. १९१७ मध्ये भावाने ही मर्यादा ओलांडली. अशा वेळी रुपया खर्च करण्यापेक्षा वितळविणे फायद्याचे ठरते, आणि नाणी बाजारातून नाहीशी होऊ लागतात. ही तूट भरून काढण्यासाठी नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढण्यात आली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने आपल्या साठ्यातील चांदी हिंदुस्थानासाठी विकली. फेब्रुवारी १९२० मध्ये चांदीचा भाव ८९ पेन्सांच्याही वर पोहोचला होता.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची मागणी पुन्हा वाढली, तेव्हा सरकारने दुसरा मार्ग धरला. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या भागात ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल व ५ टक्के जस्त आले. १९४७ मध्ये चांदी पूर्णपणे गेली आणि रुपया शुद्ध निकेलचा झाला. पेटीतील तीन रुपयांचे कोडे येथे उलगडते. पहिल्यात १०.६९ ग्रॅम चांदी आहे, दुसऱ्यात ५.८३ ग्रॅम, आणि तिसऱ्यात मुळीच नाही.

पाण्यातील तोल

हा फरक नाण्याला ओरखडाही न काढता शाळेच्या प्रयोगशाळेत दाखविता येतो. त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा काटा असावा. प्रथम नाणे कोरडे तोलावे. नंतर पाण्याचे चंचुपात्र काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्णपणे पाण्यात सोडावे. आता काटा जो आकडा दाखवील, तो नाण्याने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाचा होय. आर्किमिडीजच्या तत्त्वाचाच हा उपयोग आहे. कोरड्या वजनास या आकड्याने भागले, की धातूचे विशिष्ट गुरुत्व मिळते.

चांदीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.५, तांब्याचे ८.९६, निकेलचे ८.९ आणि सोन्याचे १९.३ आहे. त्यावरून हिशेब केला, तर १९१८ चा रुपया सुमारे १.१३ ग्रॅम पाणी सारतो, १९४४ चा १.२२ ग्रॅम, आणि १९४७ चा १.३१ ग्रॅम. विशिष्ट गुरुत्वे अनुक्रमे १०.३, ९.५ व ८.९ येतात. नाणे झिजलेले असले तरी उत्तर बदलत नाही, कारण वजन आणि आकारमान दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. निकेलच्या रुपयासाठी तर काट्याचीही गरज नाही. तो लोहचुंबकाला चिकटतो.

या प्रयोगाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. टंगस्टन या धातूचे विशिष्ट गुरुत्व सोन्याच्या अगदी जवळ, सुमारे १९.२५ आहे. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिला, तर पाण्यातील तोल फसू शकतो. शिसे चांदीहून जड व तांबे हलके असल्यामुळे त्या दोहोंच्या मिश्रणातूनही चांदीचा आकडा जुळविता येतो. म्हणून हा प्रयोग संशय घेण्यास उपयोगी आहे. अंतिम निर्णय त्यावर देऊ नये.

कसोटी आणि मूस

सराफाची कसोटी ही फार जुनी रीत आहे. काळ्या, बारीक कणांच्या दगडावर सोने घासून उमटलेल्या रेघेची तुलना ठाऊक कसाच्या रेघेशी करतात आणि वर आम्ल सोडून पाहतात. नायट्रिक आम्लाने तांब्याची व चांदीची रेघ विरते. चोख सोन्याची राहते. सरावलेल्या हाताला या रीतीने बराच जवळचा अंदाज येतो.

अचूक निर्णय अग्निपरीक्षेने होतो. धातूचा तोललेला लहानसा तुकडा शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत ठेवून भट्टीत तापवितात. ही मूस पूर्वी हाडांच्या राखेची करीत. शिसे हवेतील प्राणवायूशी संयोग पावते, तांब्यासारखे हीण आपल्याबरोबर घेते आणि मुशीत मुरून जाते. शेवटी सोन्याचांदीचा एक चकचकीत मणी उरतो. नायट्रिक आम्लाने त्यातील चांदी विरघळवून सोने वेगळे तोलतात. या परीक्षेत नमुना नष्ट होतो, म्हणून दुर्मिळ नाण्यास ती लावता येत नाही. क्ष-किरणांच्या साह्याने धातू ओळखणारी यंत्रे नाण्याला इजा करीत नाहीत. पण ती पृष्ठभागाच्या पातळ थरातलीच माहिती देतात, आणि जमिनीत शतकानुशतके पडलेल्या नाण्याच्या पृष्ठभागी आतल्यापेक्षा अधिक चांदी असू शकते.

तिसरे मोल

आतापर्यंत छापाचे मोल आणि धातूचे मोल यांचा विचार झाला. जुन्या नाण्याला तिसरेही एक मोल असते, आणि ते तराजूत उतरत नाही. १९११ चा रुपया व १९१३ चा रुपया यांत चांदी तंतोतंत सारखी आहे. परंतु १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली; ठसा बदलण्यात आला. त्यामुळे त्या सालचा रुपया संग्राहक अधिक किंमत देऊन घेतात. दुर्मिळता, सुस्थिती आणि मागणी या तिन्हींवर हे मोल ठरते. केवळ जुनेपणा पुरेसा नसतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे सामान्य तांब्याचे नाणे पुष्कळदा शंभर वर्षांच्या दुर्मिळ नाण्याहून स्वस्त मिळते.

सुस्थितीच्या बाबतीत घरोघरी एक मोठी चूक होते. काळवंडलेले नाणे चिंच, राख किंवा पॉलिश लावून घासले जाते. हा काळेपणा हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर आलेला पातळ थर असतो. तो घासताना अक्षरांच्या कडा व चित्रातील बारकावेही झिजतात. नाणे चमकते, पण त्याचे तिसरे मोल उतरते, आणि ते पुन्हा आणता येत नाही.

महाराष्ट्रातील पुतळ्यांची माळ या तिहेरी मोलाचे सुंदर उदाहरण आहे. पुतळीचे मूळ व्हेनिसच्या डुकाट नाण्यात आहे. १२८४ पासून पाच शतकांहून अधिक काळ हे नाणे सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे व जवळजवळ चोख सोन्याचे राहिले. परक्या भाषेतील छाप कोणास वाचता येत नव्हता, तरी कसाविषयीचा विश्वास समुद्र ओलांडून आला, आणि नाण्यावरील मनुष्याकृतींवरून त्याला पुतळी हे नाव मिळाले.

वितळलेला इतिहास

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक लहान चांदीची नाणी सापडली. प्रत्येकाचे वजन सुमारे दोन ग्रॅम. ती क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचा छाप पुन्हा मारलेला होता. खालचे जुने अवशेष वरच्या छापातून अजून दिसतात. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. या नाण्यांनी त्याला हजारो साक्षीदार मिळाले. ती एखाद्या मुशीत गेली असती, तर सव्वीस-सत्तावीस किलो धातू हाती आला असता आणि साक्ष कायमची गेली असती.

ही भीती काल्पनिक नाही. १९४६ मध्ये राजस्थानातील बयाना जवळ गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा फार मोठा साठा निघाला. त्यातील १८२१ नाणी वाचली व अनंत सदाशिव अळतेकर यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही नाणी मात्र त्यापूर्वीच वितळविली गेली होती. त्यांत कोणता छाप होता, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

जमिनीत सापडलेल्या धनाविषयी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. सरकारने ते संग्रहासाठी घेतल्यास धातूच्या मोलावर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू गणले जाते आणि खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही.

घरातील जुनी नाणी विकण्याची वेळ कोणावरही येऊ शकते, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र ती पारड्यात टाकण्यापूर्वी न घासता एकेक वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावी, वजन, साल व दोन्ही बाजूंचा छाप नोंदवावा, छायाचित्र घ्यावे, आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयात किंवा नाणकशास्त्राच्या जाणकारास दाखवावी. धातूचा भाव उद्याही मिळेल. ओळख पटविण्याचे काम मात्र नाणे शाबूत असेपर्यंतच करता येते.